टाळ्यांएवढा निळा

(रंगकामाची खोली. दोरीवर शेजारी शेजारी टांगलेले रंगमंचाच्या पडद्याचे दोन भाग, खाली रंगाचा हौद. आत्या स्टुलावर, एक पाय समोरच्या पिंपावर ठेवून. भाची उभी.)

आत्या: पडदा एक आणि निळे दोन. सांग बघू, यातला माझा कुठला?

भाची: डावा तुझा, गेल्या आठवड्यातला. उजवा माझा, कालचा. मी कुठे नाही म्हणतेय?

आत्या: नाही म्हणायला जागा आहे कुठे? रस्त्यापलीकडून कळतंय.

भाची: सकाळी मला वाटलं, ओला आहे म्हणून. मग वाटलं, खिडकीचा उजेड तिरपा आहे म्हणून. मग दोघांच्या जागा बदलून पाहिल्या. फिका तो फिकाच.

आत्या: रंग किती घेतलास?

भाची: वहीत आहे तेवढा. दोनदा तोलला.

आत्या: मीठ?

भाची: अर्धं आधी, अर्धं मग.

आत्या: पाणी?

भाची: हौदाच्या आतल्या खुणेपर्यंत. कापड आदल्या दिवशीच भिजवलेलं. आत्या, तू चोराला विचारावं तसं विचारू नकोस, मी घरातली आहे.

आत्या: चोर बहुतेक वेळा घरातलाच निघतो. आता ऐक. नाट्यगृहाचा सुतार तीनला पडदा न्यायला येतोय. परवा त्यांच्या नाटकाचा पहिला प्रयोग, उद्या सकाळी त्याला हा टांगायचा आहे. माझी गाडी उद्या नऊची. पुढचे दोन महिने मी आणि माझा नवा गुडघा. तोवर इथे कुलूप लावायचं की किल्ली तुझ्या हातात द्यायची, ते या पडद्यावर ठरवू असं मी म्हटलं होतं. म्हटलं होतं की नाही?

भाची: म्हटलं होतंस.

आत्या: मग?

भाची: मग आधी चूक शोधू. कुलपाचं नंतर. चष्म्याच्या दुकानातली नोकरी मी कुलूप बघायला सोडली नाही.

आत्या: नोकरी सोड असं मी सांगितलं नव्हतं हं.

भाची: नव्हतंस. मी विचारलंही नव्हतं.

आत्या: जीभ माझ्यावर गेलीय हिची. आमच्या दादाचं काहीच नाही आलं. बरं, गाणं कुठलं लावलंस?

भाची: निळ्याचंच. व्हायोलिनची मैफल. ती संपेपर्यंत कापड हौदात.

आत्या: ती कॅसेट तर गुरुवारी टेपने खाल्ली. सगळी आतडी बाहेर आली होती बिचारीची.

भाची: फोनवर मिळाली. काल तू डॉक्टरांकडे गेलीस तेव्हा शोधून काढली. तीच मैफल, तोच वादक, तेच साल. शिवाय आवाज स्वच्छ केलेला, ती खरखर नाही. मला इतका आनंद झाला होता! म्हटलं, आत्या आली की ऐकवू. मग पडदा वाळला आणि ऐकवायचं राहूनच गेलं.

आत्या: लाव.

भाची: सगळी?

आत्या: शेवट लाव. तो वरच्या तारेवर जाऊन बसतो आणि खाली यायचं नाव घेत नाही, तिथून.

भाची: हे घे.

आत्या: हं. तोच आहे. आता उतरेल. उतरला. संपलं. आता... हे काय? लगेच पुढचं?

भाची: ही शेवटची नाचाची धून. कॅसेटवरही होती की.

आत्या: होती. पण मधल्या टाळ्या कुठे गेल्या?

भाची: कुठल्या टाळ्या?

आत्या: अगं, टाळ्या! सगळे लोक उभे राहिले होते. टाळ्या संपत आल्या की कुणीतरी खोकतो. मग एक बाई ‘पुन्हा!’ म्हणून ओरडते आणि टाळ्या पुन्हा उसळतात. मग हा परत येतो, तारा जुळवतो, आणि मग ही धून.

भाची: अरे देवा. स्वच्छ केली म्हणजे हे केलं त्यांनी.

आत्या: त्यांनी टाळ्या काढल्या, आणि टाळ्यांबरोबर माझा निळा गेला.

भाची: कॅसेटवर टाळ्या आल्या की तुझा हात थांबत नाही, हे मी शंभर वेळा पाहिलंय. पण मला वाटायचं, तू खुशीत ढवळतेस.

आत्या: खुशीतच ढवळते. हात सगळ्यात जोरात तिथेच फिरतो. निळा चढतो तो टाळ्यांत.

सुतार: येऊ का आत, बाई? जरा लवकरच आलो. हातगाडी दारात लावलीय. अरे वा, दोन पडदे केलेत?

आत्या: बसा सुतारदादा. पडदा एकच आहे.

सुतार: मग हा उजवीकडचा...

भाची: तो माझा आहे काका. अजून पुरा झालेला नाही.

सुतार: असं होय. कसं आहे, आमच्या नाट्यगृहात माणसं पडदा उघडण्याआधी दहा मिनिटं त्याच्याकडेच तोंड करून बसतात. दुसरं बघायला काही नसतं. दोन निळे दिसले, तर मध्यंतरापर्यंत तेच बोलत बसतील.

भाची: दोन दिसणार नाहीत. आत्या, कालचं पाणी मी ओतलेलं नाही, हौदात तसंच आहे. खाली आच लावते. उजवा भाग परत भिजवते आणि जेवढ्या टाळ्या राहिल्या, तेवढाच वेळ बुडवते.

आत्या: किती वेळ?

भाची: ते तू सांगायचं.

आत्या: मला मिनिटं कुठे माहीत आहेत?

सुतार: मध्येच बोलतो, माफ करा. घड्याळ लावून का नाही करत तुम्ही? भिंतीवर आहे की हे.

आत्या: त्याच्या काचेकडे बघा. वाफेने कधीच आंधळं झालंय ते. आणि घड्याळ नुसती वेळ सांगतं, सुतारदादा. हात कुठल्या चालीने फिरवायचा ते त्याला काय ठाऊक? हात रेंगाळला की कापडावर ढग उठतात.

भाची: इथे प्रत्येक रंगाचं गाणं ठरलेलं आहे काका. पिवळ्याला बँडचा मार्च. लाल रंगाला खलाशांचं दोर ओढायचं गाणं. हिरव्याला अकॉर्डियनवरची गिरकी. गुलाबीला अंगाई, कारण गुलाबी कापडाला जोरात हलवलेलं चालत नाही.

सुतार: आणि काळ्याला?

आत्या: काळ्याला समूहगान. चाळीस माणसं एका सुरात रडतात. दोनदा ऐकावं लागतं, काळा लवकर पटत नाही.

सुतार: वा! म्हणजे आमच्या जुन्या लाल पडद्यात खलाशी आहेत तर. पंधरा वर्षं तो मी रोज ओढतोय आणि मला पत्ता नाही.

भाची: आच लावली. पाणी तापायला पंधरा मिनिटं.

आत्या: पंधरा मिनिटं मी नुसती बसले तर माझं डोकं तापेल. लाव काहीतरी. तुझं लाव. आठ महिने इथे माझीच गाणी ऐकतेयस.

भाची: माझं? नको. तू नावं ठेवशील.

आत्या: ठेवीनच. लाव.

भाची: बरं. हे ऐक. यात गाणारा गात नाही, बोलतो. भराभर.

आत्या: याला कुठे गाडी पकडायची आहे?

भाची: आत्या!

आत्या: ऐकतेय. तो काय बोलतोय ते राहू दे, खालचा ढोल चांगला आहे. एकसारखा पडतो. हात चुकणार नाही. पण दंड भरून येतील. फार तर जांभळ्याला, जांभळा लवकर होतो.

सुतार: मला आवडलं बुवा. आमच्याकडे एक नट असाच बोलायचा, फक्त त्याला ढोल नव्हता. पोरी, त्या फोनात ऑपेरा निघतं का?

भाची: काका, तुम्ही ऑपेरा ऐकता?

सुतार: सुताराने ऐकू नये असं आहे का? एकदा बाहेरची मंडळी आली होती खेळ घेऊन. शेवटी ती बाई मरते. मरता मरता अकरा मिनिटं गाते, आणि तीही ठणठणीत आवाजात. भाषेतलं मला अक्षर कळत नव्हतं. वर मचाणावर दोर धरून उभा होतो. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. तेव्हापासून रोज जेवताना ऐकतो. बायको म्हणते, घास तरी गिळू दे तिला.

भाची: हे का?

सुतार: हेच! हेच ते. बाई, ऐका आता. आता ती श्वास घेईल. घेतला. आता बघा.

आत्या: अगं बाई. कुठे नेला तो आवाज!

सुतार: आता सांगा, हा कुठला रंग?

आत्या: याला रंग नाही लावायचा, सुतारदादा. हे ऐकताना माझा हातच थांबला असता आणि कापडाचं वाटोळं झालं असतं. हे जेवतानाच बरं.

भाची: आता माझं दुसरं. ट्रम्पेट आहे. हा माणूस सूर सरळ कधी घेत नाही, आधी त्याच्या आजूबाजूला फिरून येतो. चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा मी हे लावायची. तिथल्या चार महिन्यांत यानेच मला धरून ठेवलं.

आत्या: मला बोलली नाहीस कधी.

भाची: तू कॅसेट लावायचीस, मी ऐकायची. तुझी खोली, तुझं गाणं. आणि मला तुझी गाणी आवडतात, आत्या. खोटं नाही बोलत. त्या मार्चवर तर मी रस्त्यानेही चालते.

आत्या: हा ट्रम्पेटवाला दमला नाही अजून?

भाची: तो दमत नाही. तू लक्ष देऊन ऐकतेयस, मला दिसतंय. तुझं बोट हलतंय.

आत्या: हलू दे. पाण्याचं बघ.

भाची: तापलं. कापडही भिजलंय. आता टाळ्या. फोनवर कुठल्या तरी टाळ्या शोधून लावू?

आत्या: कुठल्या तरी नकोत. मला त्या पाठ आहेत. वीस वर्षं ऐकल्यात. मी वाजवते, तू वल्ह्याने ढवळ. माझ्या हाताकडे बघ. मी जोर केला की तू जोर करायचा.

सुतार: आणि मी?

आत्या: तुम्हीही वाजवा. एकट्या बाईच्या टाळ्यांनी मैफल होत नाही.

सुतार: किती वेळ चालल्या होत्या म्हणता?

आत्या: चांगली चार-पाच मिनिटं.

सुतार: बाई, राग मानू नका. पडदा, रंग, व्हायोलिन, यातलं मला काही कळत नाही. पण टाळ्यांचं मला सांगू नका. तीस वर्षं पडद्यामागे उभा राहून मोजतोय, कारण टाळ्यांवर मला पडदा पाडायचा आणि उचलायचा असतो. पाच मिनिटं कुणी वाजवत नाही. लोक उभे राहिले तरी दोन मिनिटं. कुणी ‘पुन्हा’ ओरडलं, तर अजून एक. त्यापुढे तळहात झोंबतात.

आत्या: तुम्ही होतात का त्या मैफलीला?

सुतार: नव्हतो. तुम्ही होतात?

आत्या: नव्हते. पण कॅसेट माझी होती.

सुतार: आवडीच्या टाळ्या आठवणीत लांबतात. आमचे नटही दहा-दहा मिनिटं सांगतात.

भाची: जास्त झालं तर काय होईल आत्या?

आत्या: गडद होईल. फिक्याचं गडद करता येतं, गडदाचं फिकं नाही. एकदा चढला की चढला. मग त्याच्या बरोबरीला डावाही परत बुडवावा लागेल, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही.

सुतार: कमी पडलं तर?

आत्या: तिसऱ्यांदा बुडवला की कापड डागाळतं. एकच बुडी आहे, पोरी. काय करतेस?

भाची: मला भीती वाटतेय.

आत्या: वाटणारच. मला वाटत नाहीये की काय? हे स्टूल धरून बसलेय ते कशाला?

भाची: मग असं करू. तू तुझ्या आठवणीप्रमाणे वाजव, अगदी शेवटपर्यंत. काका, तुम्ही आत्याबरोबर. मी चाल तुमच्या टाळ्यांची घेईन. पण डोळे कापडावर ठेवीन. आणि तुझ्या डाव्या भागाचा एक कोपरा ओला करून इथे काठावर ठेवते. ओल्याशेजारी ओला. म्हणजे मला तुलना करता येईल.

आत्या: हे कुणी सांगितलं तुला?

भाची: चष्म्याच्या दुकानाने. एक भिंग नुसतं पाहून काही कळायचं नाही, दोन शेजारी धरली की कळायचं.

आत्या: चालव वल्हं. सुतारदादा, वादकाने शेवटचा सूर सोडला. उठा.

सुतार: उठायचं?

आत्या: सगळे उठले होते! मला उठता येत नाही म्हणून तुम्ही उठा. हं. आता.

भाची: जोरात आत्या! कापड जड आहे.

आत्या: सुतारदादा, खिळे नका ठोकू, टाळ्या वाजवा!

सुतार: खिळे ठोकतानाही एवढं लागत नाही हो!

आत्या: आता थोडं कमी. मागच्या रांगा थकल्या. हळू. हळू. खोकला.

सुतार: मी खोकू?

आत्या: खोका! मोठ्याने नको. दम्याचा आहे तो. हं. आता ती बाई. पुन्हा!

भाची: पुन्हा!

आत्या: तू नाही, मी ओरडतेय! पुन्हा! पुन्हा! वाजवा आता, सुतारदादा, तो परत येतोय! ढवळ पोरी, इथेच चढतो तो! ढवळ!

भाची: ढवळतेय!

सुतार: बाई, माझे हात लाल झाले.

आत्या: होऊ देत! अजून लोक बसलेले नाहीत!

भाची: बाहेर.

आत्या: काय?

भाची: बाहेर काढतेय. काका, दुसरं टोक धरा. पटकन.

आत्या: अगं, टाळ्या चालू आहेत अजून! त्याला अजून तारा जुळवायच्यात!

भाची: चालू राहू देत. कापड झालं. धरा काका, पिळू नका, नुसतं उचला. थंड पाण्यात. असं.

आत्या: मी सांगितलं नव्हतं.

भाची: नव्हतंस. मी पाहिलं.

सुतार: ओल्याशेजारी तर एकच दिसतंय मला. पण ओलं सगळंच गडद दिसतं.

भाची: म्हणून इस्त्री. आत्या, तुझ्या मागची इस्त्री दे. दोन्ही कोपऱ्यांवर फिरवते.

आत्या: मी फिरवते. दे इकडे. तुझे हात ओले आहेत.

भाची: घे. आधी तुझा कोपरा.

आत्या: झाले दोन्ही. थांब. वाफ जाऊ दे. आता खिडकीत धर. उंच. थोडं उन्हात.

सुतार: कुठला कुठला?

आत्या: थांबा ना जरा.

भाची: आत्या?

आत्या: उलटं धर. आता शिवणीकडचं. आता मधलं.

भाची: आत्या, बोल काहीतरी.

आत्या: सुतारदादा, आज रात्रभर दोन्ही भाग तुमच्या मंचावर पंख्याखाली पसरून ठेवा. दोरीची खूण पडू देऊ नका. सकाळी टांगा. कुठला डावा, कुठला उजवा, ते कुणाला विचारू नका. सांगायला कुणालाही जमणार नाही.

सुतार: मलाही नाही?

आत्या: मलाही नाही.

भाची: खरंच?

आत्या: रडायचं असेल तर लांब जा, कापडावर डाग पडतील. अगं, ये इकडे. मी शेवटपर्यंत वाजवलं असतं, आणि हा पडदा काळाठिक्कर पडला असता. वीस वर्षांत माझ्या डोक्यातल्या टाळ्या किती लांबल्या, मला कळलंच नाही. आज माझ्या टाळ्या चुकल्या आणि तुझा डोळा बरोबर निघाला. घे ही किल्ली. दार ओढून घेतलं की जरा वर उचलावं लागतं, नाहीतर फिरत नाही.

भाची: मला माहीत आहे. रोज मीच लावते.

आत्या: मग घे तर. खरं सांगू? कुलूप लावायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

सुतार: चला, मी गाडीवर घालतो. पोरी, त्या बाईचं गाणं माझ्या फोनात पाठव. माझ्याकडे खरखरीतच आहे. पण मधलं काही काढलेलं नको.

भाची: पाठवते काका. अख्खं, श्वासासकट.

आत्या: आणि मलाही पाठव.

भाची: ऑपेरा?

आत्या: ते, तो भराभर बोलणारा, तुझा ट्रम्पेटवाला. जे असेल ते. दोन महिने छताकडे बघत पडायचंय मला. आणि एक कर. रोज सकाळी इथे जे लावशील, ते मला आधी कळव. माझं असो, तुझं असो. मी तिकडे तेच लावीन.

भाची: कशाला?

आत्या: म्हणजे मला कळेल, हौदात आज कुठला रंग आहे.